हुतात्मा चौकात भेटणाऱ्या साथींना आणि कॉम्रेड्सना

प्रति,
महाराष्ट्रातल्या समाजवादी, साम्यवादी आणि शेतकरी-कामगार चळवळीतल्या पक्ष-संघटनांचे नेते व कार्यकर्ते

साथींनो, कॉम्रेड्स,

दर १ मेला सकाळी मी हुतात्मा चौकात येतो. तुम्हीही येता. मशाल धरलेल्या त्या दोन पुतळ्यांपुढे, एक शेतकरी आणि एक कामगार, आपण हार वाहतो, घोषणा देतो, एकमेकांची विचारपूस करतो. यंदा कोण आलं नाही, कोण कायमचं गेलं, हे तिथेच कळतं. दहाच्या सुमारास सगळं आटोपतं आणि मग त्या एका तारखेचे दोन दिवस होतात. एक महाराष्ट्र दिन. त्याच्या वाट्याला फेटे, ढोल-ताशे, मिरवणुका. दुसरा कामगार दिन. त्याच्या वाट्याला लाल झेंड्यांचा एक लहानसा मोर्चा, आणि त्यातली निम्मी माणसं साठीच्या पुढची.

१९६० साली हे राज्य जन्माला आलं तेव्हा हा दिवस एकच होता. मराठी माणसाचं राज्य कामगार दिनाला सुरू होतंय याचं कुणाला आश्चर्य वाटलं नव्हतं. लढाच तशा माणसांनी लढला होता.

हा दिवस दुभंगला कसा, याचा मी बरीच वर्षं विचार करतो आहे. मला सापडलेलं उत्तर तुम्हाला रुचेलच असं नाही, तरी लिहितो. राष्ट्र, भाषा, माती, अभिमान हे शब्द आपण हातचे सोडले. आणि त्या शब्दांच्या नावानं ज्यांना उंबऱ्याबाहेर काढलं जाणार होतं, त्यांच्या पाठीशी उभं राहायचं काम ‘नंतर बघू’ म्हणत पुढे ढकलत राहिलो. या दोन चुका वेगवेगळ्या दिसतात. माझं म्हणणं आहे की ती एकच चूक आहे.

आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही जेवायला बसतोय’ म्हटलं की समोरचा माणूस दारातच राहतो. ‘आपण जेवायला बसू’ म्हटलं की त्याचं पान मांडावं लागतं. राष्ट्रवाद या दोन्ही शब्दांत बोलता येतो. कोणत्या शब्दात बोलायचा, हे ठरवणं आपलं काम होतं. आपण ते दुसऱ्यांना ठरवू दिलं.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा ‘आपण’चा लढा होता. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात समिती स्थापन झाली. तिच्यात प्रजा समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होतं. समाजवादी एसेम जोशी आणि कम्युनिस्ट डांगे एका व्यासपीठावर बसत. त्यांच्यात मतभेद किती होते हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि ती मागणी गिरणीच्या फाटकावर, गावच्या पारावर पोचवली कुणी? वाटेगावच्या मातंग वस्तीतून आलेल्या अण्णा भाऊ साठ्यांनी, बार्शीच्या अमर शेखांनी, द. ना. गवाणकरांनी. मराठीपणाचा डफ एका दलिताच्या आणि एका मुसलमानाच्या हातात होता, आणि ऐकणाऱ्यांना तो आपलाच वाटत होता.

त्या वेळी मुंबईत मराठी बोलणारे निम्म्याहून कमी होते. विरोधक तोच आकडा पुढे करत. तरीही मुंबई महाराष्ट्राची, आणि इथल्या इतर भाषकांना इथून कुणी हलवणार नाही, या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगता येत होत्या. सगळंच सोवळं होतं असं मी म्हणत नाही. जानेवारी १९५६ च्या दंगलीत गुजराती दुकानं लुटली गेली, हेही त्याच इतिहासात लिहिलेलं आहे. पण तेव्हा शांत राहा म्हणून लोकांना विनवणारे नेते आंदोलनाच्या आतलेच होते. पोलिसांच्या गोळ्यांनी शंभरावर माणसं मारली गेली असतानाही त्यांनी संतापाला शेजाऱ्याचा पत्ता दिला नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो.

माझे वडील परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. चार साचे सांभाळायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चात त्यांनी लाठी खाल्ली होती; थंडी पडली की तो डावा खांदा दुखायचा. आमच्या चाळीखाली एक उडुपी हॉटेल होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. पाळी सुटली की खाकी अर्ध्या चड्डीतली, केसांत कापसाची कुसं अडकलेली माणसं तिथे चहाला टेकत.

साठच्या दशकाच्या अखेरीस एका रात्री ते हॉटेल फुटलं. फोडणारी पोरं परकी नव्हती. दोघं-तिघं आमच्याच चाळीतली, मॅट्रिक झालेली, टायपिंग शिकून नोकरीसाठी खेटे घालणारी. सकाळी कामाला जायच्या आधी वडील मला बोटाला धरून खाली घेऊन गेले. फरशीवर काचा, सांडलेलं सांबार, कानडी अक्षरांची पाटी दोन तुकडे होऊन पडलेली. अण्णा खराट्यानं काचा लोटत होते. वडील धड राहिलेल्या एका बाकावर बसले आणि म्हणाले, ‘अण्णा, एक चहा.’ अण्णांनी स्टोव्ह पेटवला. दोघंही काही बोलले नाहीत. भोंगा झाला तसे वडील उठले, बशीखाली पैसे ठेवले आणि गेले.

त्याच आठवड्यात युनियनच्या बैठकीत त्यांनी विषय काढला. अण्णांच्या बाजूनं एक पत्रक काढावं, चाळीतल्या पोरांना बोलावून समजवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. उत्तर मिळालं : आपला झगडा मालकाशी आहे, बोनसचा प्रश्न तोंडावर आहे, यात पडलो तर आपलीच पोरं तुटतील. उत्तर देणारा माणूस वाईट नव्हता. तुरुंगात जाऊन आलेला, संसार वाऱ्यावर सोडलेला माणूस होता. वडील खाली बसले. पत्रक निघालं नाही. पोरं तरीही तुटली, दोन-तीन वर्षांत सगळीच.

हे मी एका युनियनचं उणं काढायला लिहीत नाही. तो त्या काळच्या आपल्या सगळ्यांचाच हिशेब होता. १९६० नंतर समिती फुटली. १९६२ च्या चीन युद्धानं कम्युनिस्टांवर देशद्रोहाचा शिक्का मारला आणि १९६४ मध्ये त्यांचा पक्षही दुभंगला. राज्य मिळालं, पण नोकरी मिळाली नाही. शिकलेला मराठी तरुण कारकुनीच्या रांगेत उभा होता. त्याचं दुःख खरं होतं, हे आधी मान्य करा. त्या दुःखाशी आपण उत्पादन-संबंधांच्या भाषेत बोलत राहिलो. ‘मार्मिक’ साप्ताहिकानं त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलून कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. त्यातूनच १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. ५ जून १९७० रोजी लालबाग-परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि पडल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. ज्या गिरणगावानं तेरा वर्षांपूर्वी समितीला डोक्यावर घेतलं होतं, त्याच गिरणगावाचा हा निकाल होता.

साथींनो, दुःखाचा पत्ता बदलणं हीच या सगळ्या राजकारणाची किल्ली आहे. नोकरी नाही, घर नाही, भाषेला मान नाही, ही तक्रार खरी असते. तिचा पत्ता गिरणीमालक, बिल्डर, सरकार असा असतो. कुणीतरी येतं आणि त्या पाकिटावर शेजाऱ्याचं नाव लिहितं. इथवर तो संकुचित राष्ट्रवाद असतो. मग शेजाऱ्याला कायदा लागू होईनासा होतो, त्याच्या बाजूनं बोलणारा गद्दार ठरतो, आणि रस्त्यावरच्या मुठीला सत्ता पाठबळ देते. तिथे फॅसिझम सुरू होतो. हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. भाषेवर प्रेम करणाऱ्या, स्थानिकांना काम मागणाऱ्या प्रत्येकाला तो चिकटवला, की खऱ्या वेळी त्याची धार उरत नाही.

इटलीत हे पहिल्यांदा लख्ख दिसलं. पो नदीच्या खोऱ्यात मुसोलिनीच्या टोळ्यांनी शेतमजुरांच्या संघटनांच्या कचेऱ्या आणि सहकारी संस्था जाळल्या, आणि जमीनदारांनी त्यासाठी पैसे मोजले. तिकडे त्रिएस्ते शहरात १३ जुलै १९२० रोजी स्लोव्हेन अल्पसंख्याकांचं ‘नारोदनी दोम’ हे सांस्कृतिक केंद्र पेटवून दिलं गेलं. कामगारांची कचेरी आणि अल्पसंख्याकांचं सभागृह, दोन्हीकडे आग एकाच हातांनी लावली. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत स्लोव्हेन आणि जर्मन भाषेच्या शाळा बंद झाल्या, लोकांची आडनावंसुद्धा बदलून इटालियन केली गेली. समाजवादी खासदार जाकोमो मातेओत्ती यांनी ३० मे १९२४ रोजी संसदेत उभं राहून निवडणुकीतल्या दहशतीचा पाढा वाचला. १० जूनला त्यांना पळवून नेऊन ठार मारलं.

याच्या आदल्याच वर्षी, जून १९२३ मध्ये, जर्मन कम्युनिस्ट नेत्या क्लारा त्सेटकिन यांनी मॉस्कोत सगळ्या जगाच्या कम्युनिस्टांपुढे सांगितलं होतं की फॅसिझम म्हणजे नुसती भांडवलदारांनी पोसलेली गुंडगिरी नव्हे. हताश झालेले थर, त्यांत कामगारही, त्याच्याकडे ओढले जातात, कारण त्यांना आपण काही देऊ शकलो नाही. त्यांच्याशी फक्त लाठीनं लढता येणार नाही, त्यांच्या मनाशी बोलावं लागेल. शंभर वर्षं होऊन गेली या इशाऱ्याला. माझ्या चाळीतल्या त्या मॅट्रिक झालेल्या पोरांचं वर्णन त्यात आधीच केलेलं होतं.

जर्मनीचं तुम्हाला पाठ असेल, तरी आकडे पुन्हा एकदा समोर ठेवा. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट १२१, कम्युनिस्ट १००, मिळून २२१. नाझी १९६. कामगारांच्या दोन पक्षांना मिळून नाझींपेक्षा जास्त जागा होत्या. पण एक पक्ष दुसऱ्याला ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणत होता आणि दुसरा पहिल्याला नाझींच्याच पंक्तीला बसवत होता. २३ मार्च १९३३ ला हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा आला, तेव्हा कम्युनिस्ट खासदार तुरुंगात किंवा भूमिगत होते. सोशल डेमोक्रॅटांची ९४ मतं विरोधात पडली, बाकी ४४४ बाजूनं. कम्युनिस्टांचे नेते एर्न्स्ट थेलमान आणि सोशल डेमोक्रॅटांचे रुडोल्फ ब्राइटशाइड, दोघांनाही ऑगस्ट १९४४ मध्ये मरण आलं, अवघ्या एका आठवड्याच्या अंतरानं, एकाच बुखेनवाल्डच्या छळछावणीत. एका व्यासपीठावर न बसलेली माणसं तिथे एका कुंपणाआड मेली.

पण साथींनो, आपण फक्त दुबळे पडलो असं म्हणून सुटका होणार नाही. आपल्या हातूनही घडलं आहे.

सोव्हिएत सत्तेनं फेब्रुवारी १९४४ मध्ये चेचेन आणि इंगुश, मे १९४४ मध्ये क्रायमियाचे तातार, असे लोकच्या लोक मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात नेऊन टाकले. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, युद्धावर गेलेल्या सैनिकांची कुटुंबं. अपराध काय, तर जन्म त्या लोकांत. ज्या पक्षानं राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयावर पुस्तकं लिहिली, त्याच्याच राजवटीत हे झालं. ‘हे साम्राज्यवाद्यांनी उठवलेलं आहे’ म्हणत आपल्यापैकी कितीजण वर्षानुवर्षं गप्प राहिले?

घराजवळचं बघा. गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलितांना घेत नसत. धोट्यात कांडी बदलताना सुताचं टोक तोंडानं ओढून काढावं लागे, आणि त्या उष्ट्या सुताचा सवर्णांना विटाळ. पगार सगळ्यांत बरा त्याच खात्यात. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे विचारला, तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांनी आढेवेढे घेतले. ‘आधी एकजूट, मग हे’ हे वाक्य तेव्हाचं आहे. माझे वडील ज्या खात्यात चार साचे चालवत होते, तिथे त्यांना जागा मिळाली त्यात जातीचाही वाटा होता. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, फार उशिरा.

दुसरी चूक अगदी उलट्या टोकाची. डॉ. गंगाधर अधिकारी, बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेला, मीरत खटल्यात तुरुंगवास भोगलेला विद्वान माणूस. त्यांच्या मांडणीवर १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षानं मुस्लिमबहुल प्रदेशांच्या स्वयंनिर्णयाचा, अगदी फुटून निघण्याचाही हक्क मान्य केला. हेतू दडपलेल्यांना न्याय द्यायचा असेल. पण एका धर्माचे सगळे लोक म्हणजे एक गठ्ठा, आणि त्या गठ्ठ्याची दोरी मुस्लिम लीगच्या हातात, हे त्यात गृहीत धरलं गेलं. त्याच वेळी मुसलमान विणकरांची मोमीन कॉन्फरन्स पाकिस्तानच्या मागणीला विरोध करत होती. विणकरांचा आवाज कामगारांच्या पक्षाला ऐकू आला नाही.

आणि गोवा. १९४६ साली लोहियांनी मडगावात आवाज उठवला. पुढे नानासाहेब गोरे, मधु लिमये आणि कितीतरी सत्याग्रहींनी सालाझारच्या हुकूमशाहीच्या तुरुंगात दिवस काढले. राष्ट्रवाद आणि फॅसिझमविरोध एकाच वाटेनं कसे चालतात हे पाहायचं असेल तर तिथे पाहा. पण गोवा मोकळा झाल्यावर आपण, मराठी पुरोगाम्यांनीही, कोकणीला ‘बोली’ म्हणून मोडीत काढलं आणि महाराष्ट्रात विलीनीकरण हेच न्याय्य ठरवलं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांनी १ लाख ७२ हजार विरुद्ध १ लाख ३८ हजार मतांनी वेगळं राहणं पसंत केलं. कोकणी १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. दिल्लीनं आपल्या भाषेला जे म्हणू नये असं आपल्याला वाटत होतं, तेच आपण धाकट्या बहिणीला म्हणत होतो.

मग वाट कुठे आहे? मला ती एका दस्तऐवजात दिसते. १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ तयार केलं. त्यात मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत आणि शेती हा राज्याचा उद्योग असावा, अशी मागणी आहे. अल्पसंख्याकांचं प्रतिनिधित्व, संरक्षण आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध तरतुदीही त्याच कागदात आहेत. आधी वर्ग की आधी समाज, हा वाद त्यांनी घातलाच नाही. दोन्ही मागण्या एकाच मसुद्यात आणि एकाच सहीनं केल्या. त्यांचं निदान सरळ होतं : राजकीय बहुमत मतं बदलली की बदलतं, जन्मावर उभं असलेलं बहुमत बदलत नाही. म्हणून अशा बहुमताच्या देशात लोकशाहीला कुंपण लागतं. समाजवाद्यांना याहून नेमका राष्ट्रवाद कुठे मिळणार आहे?

अल्पसंख्याकांच्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे त्यांच्यातल्या सरदारांच्या बाजूनं उभं राहायचं नव्हे, हे शिकवणारा माणूस आपल्यातच होऊन गेला. हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, राष्ट्र सेवा दलातून घडलेले. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुसलमान बायकांचा मोर्चा त्यांनी सचिवालयावर नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. सात बायका! २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. धर्माच्या ठेकेदारांनी त्यांना शिव्या दिल्या. हिंदुत्ववाद्यांना त्यांचे तेवढेच उतारे हवे होते. आणि आपल्यातले बरेच जण ‘आत्ता नको, वातावरण बरं नाही’ म्हणत मागे सरले. दंगलीत जळालेल्या घरापुढे उभं राहणं आणि त्या घरातल्या बाईचा हक्क मागणं, ही एकाच माणसाची कामं आहेत. ज्यानं पहिलं केलं नाही, त्याला दुसरं बोलायचा अधिकार नाही. आणि ज्यानं पहिलं केलं, त्यानं दुसऱ्याबद्दल गप्प बसू नये.

दंगलींचा हिशेबही मांडूनच पुढे जाऊ. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसं मेली, असं श्रीकृष्ण आयोगानं नोंदवलं; त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. ज्या गिरणगावात एकेकाळी संपाच्या वेळी सगळ्या जातिधर्मांची माणसं एका लंगरात जेवली होती, तिथून तेव्हा माणसं रातोरात पळाली. त्याआधीच १९८२ च्या गिरणी संपानं अडीच लाख कामगार उद्ध्वस्त झाले होते. गिरणी बंद पडली तेव्हा नुसता पगार गेला नाही. हिंदू आणि मुसलमान, भैया आणि घाटी, ज्या एका फाटकातून रोज आत जात होते, ते फाटक बंद झालं. त्याच्या जागी दुसरं फाटक आपण उभारलं नाही.

मुंबई दंगलीच्या त्या दिवसांत शेजारची भिवंडी शांत राहिली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं हे यंत्रमागांचं गाव. मोमीन विणकर, तेलुगू पद्मशाली, उत्तर भारतातले कामगार, गुजराती-मारवाडी व्यापारी, सगळे एका धाग्यावर जगणारे. तिथे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. समितीत पुढारी कमी. रिक्षावाला, पानवाला, मागवाला, शिक्षक, घरच्या बाया जास्त. बैठकीत पाण्याचा नळ, गटार, भाडेकरूचं भांडण असल्या गोष्टी. महिनोन्महिने त्याच त्या माणसांनी एकमेकांसमोर बसायचं. म्हणून अफवा आली तेव्हा खरं काय ते विचारायला दुसऱ्या बाजूचा एक ओळखीचा माणूस होता. साथींनो, हे काम एका पोलीस अधिकाऱ्यानं केलं. ते आपलं काम होतं. शाखा, युनियन, कलापथक, साथी वाचनालय यांतून आपणच पूर्वी हे करत होतो.

म्हणून हे पत्र. मागणी मोठी नाही, पण स्पष्ट आहे.

मराठीचा, महाराष्ट्राचा प्रश्न पुन्हा हातात घ्या. मराठी शाळा बंद पडतात तेव्हा रस्त्यावर या. गिरणीच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि कामगाराला घर मिळालं नाही, हा मराठीचा प्रश्न आहे, तो तसा मांडा. कंत्राटी भरतीविरुद्ध मोर्चा काढाल तेव्हा त्यात बिहारी कंत्राटी कामगारही चालू द्या, कारण दोघांनाही एकच कंत्राटदार लुटतो.

पहिली काच फुटेल तेव्हाच बोला. दंगल झाल्यावरची शोधयात्रा, अहवाल, मेणबत्त्या हे उशिराचं काम आहे. एका दुकानावर बहिष्काराचा मेसेज फिरतो, एका मुलीला नाव पाहून खोली नाकारली जाते, गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी त्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवलं. ते कायदे १९५२ मध्ये गेले, नजर गेली नाही. पत्रक त्या दिवशी निघालं पाहिजे. सभेला वीस माणसं आली तरी चालेल.

आपसातली भांडणं हुतात्मा चौकाबाहेर ठेवा. लोहियावादी, मार्क्सवादी, आंबेडकरवादी हे वाद खरे आहेत, घाला. पण बुखेनवाल्डच्या कुंपणात ते मिटवायची पाळी येऊ देऊ नका.

आणि ‘आम्ही अल्पसंख्याकांचं रक्षण करतो’ असं म्हणणं थांबवा. त्या वाक्यातही ‘आम्ही’ आहेच. भिवंडीची विणकर बाई तुमच्या कार्यकारिणीत आहे का? तलासरीचा वारली तरुण तुमच्या व्यासपीठावर स्वतःच्या भाषेत बोलतो का? नसेल तर आपण अजून त्यांचं पान मांडलेलं नाही.

वडिलांची गोष्ट अर्धीच सांगितली. १९८२ च्या संपात आमच्या घरात जेव्हा काही उरलं नाही, तेव्हा अण्णांनी वहीत आमचं नाव लिहून घेतलं. सकाळचा चहा, महिन्याकाठी दहा-बारा किलो तांदूळ, धाकटीच्या औषधाचे पैसे. वर्ष उलटलं तरी त्यांनी एकदाही वही उघडून दाखवली नाही. पुढे वडिलांना रात्रपाळीच्या वॉचमनची नोकरी लागली आणि त्यांनी ते पैसे तीन वर्षांत थोडे थोडे करून फेडले. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी ते पुन्हा मला घेऊन खाली गेले होते. मी तेव्हा पंचविशीचा होतो. बाकावर बसून ते अण्णांना म्हणाले, ‘त्या वेळी पत्रक काढायला हवं होतं. मी जोर धरायला हवा होता.’ अण्णा म्हणाले, ‘तुम्ही चहा प्यायला आलात ना.’ वडील म्हणाले, ‘एकटा आलो. सगळ्यांना घेऊन यायला हवं होतं.’

येत्या १ मेला मी हुतात्मा चौकात येईन. तुम्हीही याल. या वेळी एकटे येऊ नका.

जिंदाबाद.

आपला,
एका गिरणी कामगाराचा मुलगा
परळ, मुंबई